चार बोटं

गाडीची उंची मिलिमीटरमध्ये मोजत असतील अशी माझी समजूत होती. ज्यांना तिचा नाद असतो ते ती बोटांत मोजतात. टायरचा माथा आणि त्याच्यावरची मडगार्डची कमान यांच्यामध्ये जी फट असते तिच्यात हाताची बोटं आडवी घालायची आणि किती मावली ते सांगायचं. माझ्या पुतण्याच्या स्विफ्टमध्ये आधी चार बोटं मावायची. २०२१ च्या दिवाळीनंतर दोन मावायला लागली. त्या दिवशी तो मला घराबाहेर घेऊन गेला, माझा हात धरून त्या फटीत घातला आणि म्हणाला, "बघा की काका. आता बसली गाडी."

'बसली' हा शब्द त्याने गवंडी वापरतो त्या अर्थाने वापरला होता. दगड जागेवर बसला, चौकट बसली, तशी गाडी बसली. मला मात्र ती दुसऱ्या अर्थाने बसल्यासारखी दिसत होती, थकून. चाकं वर चढलेली, पोट जमिनीला टेकायला आलेलं. एवढ्यासाठी त्याने साठ हजार रुपये घातले होते. शिरोलीच्या एमआयडीसीत तो सीएनसी मशीन चालवतो. साठ हजार ही त्याच्यासाठी गंमत नव्हे.

गाडी त्याच्या वडिलांची, म्हणजे माझ्या थोरल्या भावाची. दादाने ती २०१४ मध्ये घेतली आणि पाच वर्षांनी दादा गेला. वहिनी त्या गाडीला अजून 'ह्यांची गाडी' म्हणतात. म्हणून मी पुतण्याला पहिला प्रश्न विचारला तो खर्चाचा किंवा सुरक्षिततेचा नव्हता. "आईला विचारलंस का?" तो म्हणाला, "आईला काय कळणार त्यातलं?" मग थोड्या वेळाने, "कापली नाही काका. मापात केलीय. पायजे तेव्हा वर घेता येते."

हा लेख त्या शेवटच्या वाक्याबद्दल आहे. पायजे तेव्हा वर घेता येते, ही सबब आहे की नीतीचं एखादं तत्त्व, याचा विचार मी गेली काही वर्षं करतो आहे. मी मेकॅनिक नाही, तत्त्वज्ञही नाही; आयुष्यभर बँकेत कारकुनी केली. पण या गाडीच्या निमित्ताने मी जितका वेळ योग्य-अयोग्याचा विचार केला तितका इतर कशाच्या निमित्ताने केला नसेल.

*

आधी त्याने काय केलं ते सांगतो.

गाडी खाली आणायचे दोन रस्ते आहेत. पहिला स्वस्त. स्प्रिंग काढायची, ग्राइंडरने तिचे एक-दीड वेढे कापायचे आणि परत घालायची. याला फारसा खर्च येत नाही. कापलेली स्प्रिंग बैठकीत नीट बसत नाही, चाक हवेत लटकलं की जागची हलू शकते आणि शॉकअपचा दांडा जेवढा खालीवर व्हायला हवा तेवढा होत नाही. गाडी खड्ड्यात गेली की दांड्यावरच्या रबरी ठोकळ्यावर आपटते. आणि कापलेला वेढा परत जोडता येत नाही.

दुसरा रस्ता कॉइलओव्हरचा. यात शॉकअपच्या नळकांड्यावर बाहेरून आटे पाडलेले असतात. त्या आट्यांवर एक कडं फिरतं आणि स्प्रिंग त्या कड्यावर टेकलेली असते. अर्धचंद्रासारखा एक पाना मिळतो. त्याने कडं खाली फिरवलं की गाडी खाली येते, वर फिरवलं की वर जाते. खालून दुसरं कडं चेकनटसारखं आवळायचं, म्हणजे पहिलं जागचं हलत नाही. महागातल्या प्रकारात शॉकअपचा खालचा भागही आट्यांवर वेगळा फिरतो. त्यामुळे उंची बदलली तरी दांड्याची चाल तेवढीच राहते. माथ्यावर एक बारीक खटका असतो. तो टिक-टिक फिरवून गाडी किती लवकर सावरावी हे ठरवता येतं. स्विफ्टच्या मागच्या बाजूला मुळात स्प्रिंग वेगळी आणि शॉकअप वेगळा असतो, त्यामुळे तिथे उंचीचं कडं स्प्रिंगच्या बैठकीत बसवतात.

पुतण्याने चाळीस मिलिमीटर खाली घेतली. त्या स्विफ्टचं पोट मुळात रस्त्यापासून १७० मिलिमीटर वर असतं, ते १३० वर आलं. उंची बदलली की चाकांचा कोन बदलतो, म्हणून नंतर अलाइनमेंट करून घेतली. हे सगळं तो मला एखाद्या सोहळ्याचं वर्णन करावं तसं सांगत होता.

"पण कशासाठी?" मी विचारलं.

"वळणावर चिकटून चालती गाडी. सेफ."

हे उत्तर सगळेच देतात आणि ते अर्धंच खरं आहे. गाडी खाली आली की तिचा गुरुत्वमध्य खाली येतो, हे बरोबर. पण वळणावर गाडी कलते ती एका काल्पनिक बिंदूभोवती, आणि हा बिंदू कुठे असेल ते चाकाला धरणाऱ्या दांड्यांच्या कोनावरून ठरतं. स्विफ्टसारख्या छोट्या गाडीच्या पुढच्या चाकांची रचना अशी असते की गाडी खाली आणल्यावर गुरुत्वमध्यापेक्षा हा बिंदूच जास्त खाली जातो. दोघांतलं अंतर वाढतं आणि गाडीला कलवणारा रेटा कमी होण्याऐवजी वाढू शकतो. नव्या स्प्रिंगा कडक असतात म्हणून ते जाणवत नाही. म्हणजे 'चिकटून चालण्या'चं बरंचसं श्रेय कडक स्प्रिंगांचं. ते उंची न बदलताही मिळालं असतं.

हे मी वाचून काढलं आणि त्याला सांगितलं. तो गप्प बसला. मग हसून म्हणाला, "बरं काका. चांगली दिसते म्हणून केली. झालं?"

झालं. माझ्या मते त्या दिवशी तो पहिल्यांदा खरं बोलला. आपल्याकडे सुंदर दिसतं म्हणून काही केलं असं म्हणायची लाज वाटते. साडी टिकाऊ असते, घड्याळ वेळेसाठी असतं, चौथा मजला हवेसाठी असतो. आवडीला उपयोगाची टोपी घातल्याशिवाय आपण तिला घराबाहेर काढत नाही. कोल्हापूर यातल्या त्यात प्रामाणिक गाव. इथे 'नाद' हा शब्द लोक मान वर करून उच्चारतात. कुणाला कुस्तीचा नाद, कुणाला कबुतरांचा, कुणाला फुटबॉलचा. इथे सुंदर रिक्षांच्या स्पर्धा भरतात आणि रिक्षावाला आपल्या रिक्षाला आरसे, झालरी, रंग का लावतो असं कुणी विचारत नाही. नादाला कारण लागत नाही. मग स्विफ्टलाच का लागावं?

*

इथे आगरकर आठवतात. त्यांच्या पिढीने मिल वाचला होता आणि त्याची एक गोष्ट मनावर घेतली होती: ज्या वागण्याचा परिणाम फक्त माझ्यावर होतो त्यात समाजाने आणि सरकारने नाक खुपसू नये, दुसऱ्याला इजा होत असेल तेवढ्यापुरतंच अडवावं. १८५९ मध्ये मांडलेल्या या विचाराच्या जोरावर आपल्याकडे पुढे अनेकांनी पोशाख, खाणं, लग्न यांविषयीचे निर्णय समाजाच्या मुठीतून सोडवून घेतले. या मापाने पाहिलं तर पुतण्याची गाडी त्याची आहे, पैसे त्याचे आहेत, आदळणारी पाठही त्याचीच आहे. काकाने गप्प बसावं.

कायदा गप्प बसत नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम सांगतं की मालकाने वाहनात असा बदल करू नये, ज्यामुळे नोंदणीपत्रातला तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाशी जुळणार नाही. जानेवारी २०१९ मध्ये केरळमधल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे कलम कडकपणे वाचलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने, परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली. पुतण्याचं म्हणणं असं की नोंदणीपत्रावर गाडीच्या पोटाची उंची लिहिलेलीच नसते. वकील यावर दिवसभर वाद घालू शकतील. मला त्या वादापेक्षा दुसऱ्या गोष्टीचं कुतूहल आहे. अशा कायद्याचा दांडका रस्त्यावर कोणाच्या पाठीत बसतो?

अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात याची एक जुनी गोष्ट आहे. तिथल्या मेक्सिकन वंशाच्या तरुणांना गाड्या खाली आणून रमतगमत चालवण्याचा नाद होता. बाकीचा देश वेगामागे धावत असताना यांचं म्हणणं होतं, बुटकी आणि सावकाश. १९५० च्या दशकाच्या अखेरीस तिथे कायदा झाला की गाडीचा कुठलाही भाग चाकाच्या रिमच्या तळापेक्षा खाली येता कामा नये. कारण सुरक्षिततेचं होतं. पण वस्तीतल्या पोरांना थांबवायला पोलिसांच्या हातात एक फूटपट्टी मिळाली. १९५९ च्या सुमारास रॉन अगिरे नावाच्या तरुणाने आपल्या कॉर्व्हेटला हायड्रॉलिक पंप बसवले. बटण दाबलं की गाडी वर, कायद्यात; पोलीस गेला की खाली. ती उंचीची अट आणि अशा गाड्यांच्या फेरफटक्यांवर गावोगावी घातलेली बंदी कॅलिफोर्नियाने २०२३ मध्ये कायदा करून उठवली. १ जानेवारी २०२४ पासून ती गेली. पासष्ट वर्षांनी.

आपल्याकडे नाक्यावर थांबवतात तो खाली आणलेल्या स्विफ्टवाल्या पोराला. त्याच्या शेजारून काळ्या काचांची, पुढे लोखंडी बंपर लावलेली, उंच टायर घातलेली एसयूव्ही निघून जाते. ते लोखंडी बंपरही बेकायदाच आहेत. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राच्या परिवहन मंत्रालयाने राज्यांना त्यांच्यावर कारवाई करायला सांगितलं होतं. आणि दोघांतला खरा घातक कोण? अमेरिकेतल्या महामार्ग सुरक्षा विमा संस्थेने २०२३ मध्ये पादचाऱ्यांच्या अपघातांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या गाड्यांच्या बॉनेटची कड ४० इंचांपेक्षा उंच होती त्यांच्या धडकेत पादचारी मरण्याची शक्यता, ३० इंचांपर्यंतच्या उतरत्या बॉनेटच्या गाड्यांपेक्षा सुमारे ४५ टक्क्यांनी जास्त आढळली. गाडी उंच घेणारा धोका दुसऱ्याच्या छातीवर ठेवतो, खाली घेणारा बहुतेक स्वतःच्या पाठीवर घेतो. तरी उंच गाडीतल्या माणसाला आपण 'साहेब' म्हणतो आणि बुटक्या गाडीतल्याला 'टवाळ पोरगं'.

इथपर्यंत मी पुतण्याचा वकील आहे. आता पुढचं.

*

फुलेवाडीकडे जाताना एका शाळेपुढे गतिरोधक आहे. एके संध्याकाळी मी पुतण्याच्या शेजारी बसलो होतो. गतिरोधक येताच त्याने गाडी जवळजवळ थांबवली आणि तिरपी घेतली, म्हणजे एक-एक चाक चढेल आणि पोट घासणार नाही. गाडीचं तोंड समोरच्या लेनमध्ये गेलं. समोरून येणाऱ्याने हॉर्न दाबला. मागे एक मोटरसायकल होती, नवरा, बायको आणि मध्ये लहान मूल. बाकीच्या गाड्या तिथे जरा हळू होतात आणि निघून जातात, तशीच हीही जाईल असा त्या माणसाचा अंदाज. आमचे दिवे लाल झाले तेव्हा त्याने कचकन ब्रेक दाबला, गाडी डळमळली, बाईने पाय खाली टेकला. काही झालं नाही. तो माणूस शेजारून जाताना आत वाकून नुसता बघून गेला.

पुतण्या म्हणाला, "स्पीडब्रेकर बघा की कसला केलाय."

त्याचं खोटं नव्हतं. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकात गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि मध्ये दहा सेंटिमीटर उंच असावा, सतरा मीटर त्रिज्येच्या वर्तुळाच्या तुकड्यासारखा गोल, असं दिलेलं आहे. मी घरी येऊन गणित केलं. स्विफ्टच्या पुढच्या-मागच्या चाकांत २.४३ मीटर अंतर असतं. अशा गतिरोधकाच्या बरोबर मध्यावर गाडी आली तर दोन्ही चाकं त्याच्या उतारावरच असतात आणि मधला उंचवटा चाकांच्या पातळीपेक्षा जेमतेम साडेचार सेंटिमीटर वर येतो. पुतण्याच्या गाडीचं पोट तेरा सेंटिमीटरवर आहे. म्हणजे नियमाप्रमाणे बांधलेल्या गतिरोधकावरून ती खाली आणलेली गाडी आरामात गेली असती. शाळेपुढचा तो ढिगारा हात-दीड हात रुंद आणि वीतभर उंच होता. गाडी बेकायदा म्हणायची तर गतिरोधकही बेकायदाच.

मला हे गणित फार आवडलं होतं. दोन दिवस मी ते भेटेल त्याला सांगत होतो. मग लक्षात आलं की त्या गणितात मोटरसायकलवरची बाई कुठेच नाही. तिने ना गाडी खाली आणली होती, ना गतिरोधक बांधला होता. दोघांच्या चुकांची बेरीज तिच्या टाचेखाली आली. 'माझा नाद, माझी गाडी' या वाक्यात रस्त्यावरचे बाकीचे लोक पकडलेलेच नाहीत. रस्ता म्हणजे एकमेकांचे अंदाज. समोरची गाडी कशी वागेल याचा प्रत्येकाच्या मनात एक ठोकताळा असतो आणि त्याच्या भरवशावर आपण जिवंत घरी पोचतो. छोटी स्विफ्ट या वेगाने गतिरोधक ओलांडते, हा असाच एक ठोकताळा. पुतण्याने गाडीची उंची बदलली तेव्हा तो ठोकताळा मोडला आणि मागच्याला ते कळायचा काही मार्ग ठेवला नाही. आरसे लावलेली रिक्षा दिसते. चार सेंटिमीटर दिसत नाहीत.

तरी मी असं म्हणणार नाही की म्हणून त्याने गाडी खाली आणायलाच नको होती. ज्याचा भार दुसऱ्यावर रतीभरही पडत नाही असा नाद मी पाहिलेला नाही. माझ्या वाचनाचा भार चाळीस वर्षं बायकोने उचलला. मी वाचत बसायचो तेव्हा दळण ती आणायची. मिलची रेघ, माझं एवढं आणि दुसऱ्याचं तेवढं, कागदावर सरळ येते. घरात आणि रस्त्यावर ती ओढता येत नाही. मग विचारायचं काय? मला वाटतं, आपल्या नादाचा भार कोणावर पडतो आहे हे दिसतं का, आणि दिसल्यावर कडं वर फिरवायची तयारी आहे का, एवढं विचारावं.

*

जानेवारी २०२३ मध्ये वहिनी न्हाणीघरात पाय घसरून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं, सांधा बदलावा लागला. राजारामपुरीतल्या एका हॉस्पिटलात आठ दिवस होत्या. घरी सोडण्याच्या आदल्या दिवशी फिजिओथेरपीच्या बाईंनी आम्हाला समोर बसवून सांगितलं: खाली बसायचं नाही, मांडी घालायची नाही, पाय पायावर टाकायचा नाही आणि बुटक्या खुर्चीवर बसायचं नाही. गुडघा खुब्यापेक्षा वर जाता कामा नये, नाहीतर नवा सांधा निखळू शकतो. मग त्यांनी विचारलं, "नेणार कशातून?"

पुतण्या म्हणाला, "गाडी आहे." आणि त्याचा चेहरा उतरला.

मी म्हटलं, ॲम्ब्युलन्स बघू, नाहीतर माझ्या मित्राची उंच गाडी मागवू. तो 'बघतो' म्हणाला आणि निघून गेला. त्या रात्री अकराच्या सुमारास शेजाऱ्यांनी मला फोन करून विचारलं, घरात सगळं ठीक आहे ना, कारण तुमचा पुतण्या अंगणात गाडीखाली आहे. मी गेलो. गाडी घोड्यांवर चढवलेली, चारही चाकं काढून ठेवलेली, मोबाइलची टॉर्च टायरवर टेकवलेली. तो तो अर्धचंद्राचा पाना घेऊन कडं फिरवत होता. आट्यांत चिखल जाऊन बसला होता आणि कडं हलत नव्हतं. तारेच्या ब्रशने घासून, तेल सोडून, हातोडीने पान्यावर ठोकत तो एकेक आटा वर घेत होता. मी जाऊन टॉर्च धरली. दोघांपैकी कोणी काही बोललं नाही. दीड वाजता चाकं लागली. त्याने फटीत हात घातला. चार बोटं.

सकाळी वहिनींना सीटवर जाड चादरीची घडी घालून, पाठ मागे कलवून बसवलं. त्याने राजारामपुरीहून फुलेवाडीपर्यंत गाडी अशी चालवली की मागचे लोक शिव्या देत होते. रंकाळ्याच्या कडेने जाताना वहिनी म्हणाल्या, "ह्यांच्यासारखी चालवायला लागलास की रे." त्यांना गाडीच्या उंचीतलं काहीच माहीत नव्हतं. आजही नाही.

माझ्या मनातल्या प्रश्नाला इथे उत्तर मिळालं असं मला त्या दिवशी वाटलं. कापलेली स्प्रिंग आणि फिरणारं कडं यांतला फरक नीतीचा आहे. आवड असावी, हट्ट असावा, पण त्याला आटे असावेत. दुसऱ्याची गरज समोर येईल तेव्हा रात्री अंगणात आडवं पडून का होईना, तो मागे घेता यावा. किती तरी धार्मिक, राजकीय आणि घरगुती हट्टांकडे मी या नजरेने बघायला लागलो: हा कापलेला आहे की आट्यांवरचा?

पण त्या प्रवासात मी आणखी एक गोष्ट पाहिली होती. उंची परत आली होती, मऊपणा आला नव्हता. स्प्रिंगा कडकच होत्या. प्रत्येक खड्ड्याला वहिनींचे ओठ आवळले जात होते आणि पुतण्या ते आरशात बघत होता. अलाइनमेंट करायला वेळ नव्हता, त्यामुळे स्टिअरिंग एका बाजूला ओढत होतं. 'पायजे तेव्हा वर घेता येते' हे खरं होतं, पण पूर्णपणे मागे घेता येईल असं काही नसतं. आणि वर घेता येत होती तर मोटरसायकलवाल्या त्या बाईनंतर का घेतली नव्हती? सव्वा वर्षात कडं गंजून अडकलं होतं याचा अर्थ ते एकदाही फिरलं नव्हतं. कधीही बदलता येईल या भरवशावर आपण वर्षानुवर्षं काही बदलत नाही. तेवढ्यात आट्यांत चिखल साचतो. स्प्रिंग कापणारा निदान स्वतःला फसवत नाही.

तीन महिन्यांनी, वहिनी काठी सोडून चालायला लागल्यावर, त्याने गाडी परत खाली घेतली. पूर्ण नाही, तीन बोटं.

*

२०२४ मध्ये त्याने गाडी विकायला काढली. मूळच्या स्प्रिंगा आणि शॉकअप त्याने माळ्यावर गोणपाटात जपून ठेवले होते. ते परत बसवले, कॉइलओव्हर काढून ठेवले. पहिलं गिऱ्हाईक आलं ते एक शिक्षक, बायको आणि दोन मुलांसह. त्यांनी गाडीभोवती फेरी मारली, खाली वाकून पाहिलं आणि मला, वयाने मोठा म्हणून, विचारलं, "सस्पेन्शनचं काही काम झालंय का?"

मी म्हटलं, "सस्पेन्शन कंपनीचं आहे, ओरिजिनल."

शब्दन् शब्द खरा. गाडीखाली त्या क्षणी जे होतं ते कंपनीचंच होतं. पण अडीच वर्षं ती खाली चालली होती, पोटाला घासल्याच्या खुणा होत्या, दांड्यांच्या रबरी बुशांनी जास्तीचा मार खाल्ला असणार होता, आणि ते सगळं मला माहीत होतं.

धर्मराजाचा रथ जमिनीपासून चार बोटं वर चालायचा, असं महाभारत सांगतं. तो खरं बोलायचा म्हणून. द्रोणाचार्यांना त्याने अश्वत्थामा मेल्याचं मोठ्याने सांगितलं आणि हत्तीचा उल्लेख तोंडातल्या तोंडात केला, तेव्हा तो रथ जमिनीला लागला. लहानपणी मला वाटायचं, एवढ्याशा गोष्टीला केवढी शिक्षा. आता वाटतं, ती शिक्षा नव्हतीच. रथ इतरांच्या रथांच्या पातळीला आला, एवढंच. आपण सगळे तिथेच चालवतो.

शिक्षक मान हलवून दार उघडत होते. तेवढ्यात पुतण्या मध्ये आला. "नाही सर, काका विसरले. लोअर केली होती मी. फोटो दाखवतो." आणि त्याने मोबाइल काढून फोटो दाखवायला सुरुवात केली: रंकाळ्यावर संध्याकाळच्या उजेडात उभी असलेली, दोन बोटांवर बसलेली गाडी. कुठली स्प्रिंग, किती खटके, कुठे घासली, कधी वर घेतली, सगळं. तो सत्यासाठी बोलत होता असं मला वाटत नाही. त्याला राहवलं नाही. आपल्या हातून झालेली सगळ्यात देखणी गोष्ट कुणीतरी 'झालीच नाही' म्हणतंय, हे त्याला सहन झालं नाही.

शिक्षकांनी नीट ऐकून घेतलं, 'फोन करतो' म्हणाले आणि त्यांनी केला नाही. पंधरा दिवसांनी इचलकरंजीचा एक पोरगा आला आणि शिक्षकांशी बोललो होतो त्यापेक्षा वीस हजार कमी देऊन गाडी घेऊन गेला. कॉइलओव्हर त्याने डिकीत टाकून नेले. पुतण्याने त्याला पाना दिला आणि महिन्यातून एकदा आटे घासून तेल सोडायला सांगितलं. माझ्याकडे बघून सांगितलं.

गाडी गल्लीच्या टोकाशी वळेपर्यंत तो दारात उभा होता. वहिनी खिडकीतून म्हणाल्या, "ह्यांची गाडी गेली." मी तेव्हा त्या वीस हजारांचा हिशेब करत होतो, हे लिहून ठेवायला हवं.